जॉन टेलर : गुलामीतून सुटलेल्या आई-बापाचा मुलगा, ऑलिम्पिकचा सुवर्णवीर

ऑलिम्पिकमधल्या कृष्णवर्णीय धावपटूंचा विषय निघाला की आपल्याकडे पहिलं नाव येतं जेसी ओवेन्सचं. १९३६ साली बर्लिनमध्ये हिटलरच्या डोळ्यांदेखत चार सुवर्णपदकं जिंकणारा ओवेन्स शाळेच्या पुस्तकातही भेटतो. पण ओवेन्सच्या २८ वर्षं आधी लंडनच्या मैदानावर एका तरुणानं हा दरवाजा उघडला होता. त्याचं नाव जॉन बॅक्सटर टेलर. ऑलिम्पिकमध्ये सुवर्णपदक मिळवणारा तो पहिला आफ्रिकन-अमेरिकन खेळाडू. हे पदक त्याला चौघांच्या रिले शर्यतीत मिळालं. पदक मिळालं तेव्हा तो २५ वर्षांचा होता. त्यानंतर जेमतेम चार महिन्यांत, वयाच्या २६ व्या वर्षी तो हे जग सोडून गेला.

इतक्या लहान आयुष्यात या माणसानं काय काय केलं, हे आज आपल्या मुला-मुलींना सांगण्यासारखं आहे. तो धावला हे तर आहेच. पण धावताना त्यानं शिक्षण सोडलं नाही, ही गोष्ट त्याहून मोठी आहे.

गुलामीनंतरची पहिली पिढी

जॉनचा जन्म ३ नोव्हेंबर १८८२ रोजी अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टन इथं झाला. त्याचे आई-वडील आधी गुलाम होते. अमेरिकेत गुलामगिरी कायद्यानं संपली १८६५ मध्ये. म्हणजे जॉन जन्मला तेव्हा त्या गोष्टीला फक्त १७ वर्षं झाली होती. ज्या माणसांना बाजारात विकलं जात होतं, ज्यांना लिहायला-वाचायला शिकवणं दक्षिणेतल्या बऱ्याच राज्यांत गुन्हा होता, त्यांच्या घरात हा मुलगा वाढत होता.

कायद्यानं बेड्या तुटल्या, पण समाजातला भेदभाव काही गेला नव्हता. १८९६ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं गोऱ्यांसाठी आणि काळ्यांसाठी रेल्वेचे वेगळे डबे ठेवणं योग्य ठरवलं. त्या निकालाचा आधार घेऊन दक्षिणेत शाळा, हॉटेलं, दवाखाने सगळं वेगळं झालं. जॉन तेव्हा १३ वर्षांचा होता.

टेलर कुटुंब वॉशिंग्टन सोडून फिलाडेल्फियाला आलं. हे शहर उत्तरेत होतं. तिथं कृष्णवर्णीयांची मोठी वस्ती होती, त्यांची स्वतःची चर्चं होती, वर्तमानपत्रं होती. भेदभाव तिथंही होता. प्रसिद्ध विचारवंत डब्ल्यू. ई. बी. दु बॉइस यांनी याच शहरातल्या कृष्णवर्णीय वस्तीत घरोघरी फिरून पाहणी केली आणि १८९९ मध्ये त्यावर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. काळ्या माणसाला कौशल्याची कामं मिळत नाहीत, घरभाडं जास्त द्यावं लागतं, आजारपणं आणि मृत्यू त्यांच्यात जास्त आहेत, हे त्यांनी आकडे मांडून दाखवलं. ही पाहणी सुरू होती तेव्हा जॉन त्याच शहरात शाळेत जात होता.

शाळेच्या मैदानावर

घरच्यांनी जॉनला शिकवायचं ठरवलं होतं. तो फिलाडेल्फियाच्या सेंट्रल हायस्कूलमध्ये दाखल झाला. ही शहरातली नावाजलेली सरकारी शाळा होती. इथंच त्याला धावण्याची गोडी लागली. उंच, सडपातळ अंगकाठी आणि लांबच लांब ढांग ही त्याची ओळख. चार-सहा पावलांत तो इतरांच्या पुढं निघून जायचा. शाळेच्या रिले संघात त्याला जागा मिळाली. १९०२ मध्ये तो तिथून पास झाला.

त्यानंतर एक वर्ष तो शहरातल्याच ब्राउन प्रिपरेटरी स्कूलमध्ये होता. विद्यापीठात जाण्याआधी तयारी करून घेणारी ही शाळा. तिथल्या वर्षभरात त्यानं आपल्या वयाच्या धावपटूंमध्ये देशभर नाव कमावलं. पाव मैलाच्या शर्यतीत त्याला हरवणारा शाळकरी मुलगा सापडेना. याच शाळेत मेल शेपर्ड नावाचा आणखी एक धावपटू होता. पुढं लंडनला सुवर्णपदकाच्या रिलेत टेलरनंतर धावायची पाळी याच शेपर्डची होती.

पाव मैल म्हणजे ४४० यार्ड, आजच्या हिशेबात साधारण ४०२ मीटर. ही शर्यत भल्याभल्यांना घाम फोडते. शंभर मीटरसारखं एका दमात धावून संपत नाही आणि लांब पल्ल्यासारखं दम राखून धावायलाही सवड मिळत नाही. शेवटच्या शंभर मीटरला पाय दगडासारखे जड होतात. छाती फुटेल असं वाटतं. वेगाइतकाच इथं मनाचा कस लागतो. जॉननं हीच शर्यत आपली मानली.

विद्यापीठ : एका हातात पुस्तक

१९०३ मध्ये जॉन पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात गेला. सुरुवातीला त्यानं तिथल्या व्हार्टन स्कूलमध्ये अर्थकारण आणि व्यापाराचा अभ्यास घेतला. नंतर तो पशुवैद्यकीय शाखेकडे वळला. त्या काळात शहरं घोड्यांवर चालायची. दूध, कोळसा, भाजी, माणसं सगळी वाहतूक घोडागाडीतून. त्यामुळे जनावरांच्या डॉक्टरला मान होता आणि कमाईही. गुलामीतून आलेल्या घरातल्या मुलासाठी ही पदवी म्हणजे पुढच्या पिढ्यांचं नशीब बदलणारी गोष्ट होती.

मैदानावर तर तो पहिल्याच वर्षापासून गाजला. १९०४ मध्ये पूर्व अमेरिकेतल्या महाविद्यालयांच्या मोठ्या स्पर्धेत त्यानं ४४० यार्डांची शर्यत ४९ सेकंद आणि एक पंचमांश एवढ्या वेळात जिंकली. महाविद्यालयीन स्पर्धांमध्ये तो नवा विक्रम ठरला. १९०७ मध्ये त्यानं स्वतःचाच विक्रम मोडला. यावेळी वेळ होती ४८ सेकंद आणि चार पंचमांश. १९०८ मध्ये तिसऱ्यांदा तो हे अजिंक्यपद घेऊन गेला. १९०७ साली अमेरिकेची राष्ट्रीय स्पर्धाही त्याच्या नावावर जमा झाली.

हे आकडे वाचताना एक लक्षात ठेवायला हवं. तेव्हा आजच्यासारखा रबरी ट्रॅक नव्हता. कोळशाची राख आणि माती दाबून केलेली वाट असायची. पाऊस झाला की चिखल. पाय रोवायला लोखंडी ब्लॉक नव्हते, धावपटू खुरप्यानं जमिनीत खळगा करून त्यात पाय टेकवायचे. बूट चामड्याचे, वेळ मोजायची ती माणसाच्या हातातल्या घड्याळावर.

विद्यापीठात त्याला माइक मर्फी यांच्यासारखे प्रशिक्षक लाभले. मर्फी हे त्या काळातले अमेरिकेतले सर्वांत नामांकित प्रशिक्षक. १९०८ च्या ऑलिम्पिक संघाची तयारीही त्यांच्याकडेच होती.

आयरिश लोकांच्या क्लबमधला काळा खेळाडू

विद्यापीठाबाहेर जॉन न्यूयॉर्कच्या आयरिश-अमेरिकन अॅथलेटिक क्लबकडून धावायचा. ही गोष्ट मुद्दाम सांगायला हवी. त्या काळात श्रीमंतांचे मोठे क्रीडा क्लब काळ्यांना आणि यहुद्यांना दारात उभं करत नव्हते. आयरिश स्थलांतरितांनी स्वतःचा क्लब काढला, कारण त्यांनाही अमेरिकेत तुच्छ लेखलं जायचं. या क्लबनं मात्र दुसऱ्यांसाठी दार बंद केलं नाही. लांब उडीचा यहुदी विजेता मायर प्रिन्स्टाइन त्यांचाच, थाळीफेकीचा आयरिश वीर मार्टिन शेरिडन त्यांचाच आणि कृष्णवर्णीय जॉन टेलरही त्यांचाच. छातीवर पंख असलेली मूठ हे क्लबचं चिन्ह लावून ही सगळी मंडळी एकत्र मैदानात उतरायची.

ज्यांना स्वतःला अपमान सोसावा लागला, त्यांनी दुसऱ्याला जवळ केलं. इतिहासात असं दर वेळी होतंच असं नाही. म्हणून या क्लबची आठवण ठेवावी.

लंडन १९०८ : गाजलेली आणि वादात अडकलेली शर्यत

१९०८ च्या उन्हाळ्यात जॉननं पशुवैद्यकीय पदवी पूर्ण केली. त्याच उन्हाळ्यात तो अमेरिकेच्या संघाबरोबर जहाजानं लंडनला निघाला. ऑलिम्पिकसाठी शेफर्ड्स बुश इथं नवं स्टेडियम उभारलं होतं. पुढं ते व्हाइट सिटी नावानं ओळखलं गेलं.

जॉनची मुख्य शर्यत होती ४०० मीटर. पहिली फेरी त्यानं जिंकली, उपांत्य फेरीही जिंकली. २३ जुलैला अंतिम शर्यत झाली. धावणारे चौघेच. अमेरिकेचे तिघे : जॉन कार्पेंटर, विल्यम रॉबिन्स आणि आपला जॉन टेलर. समोर एकटा ब्रिटनचा विंडहॅम हॉल्सवेल. हा लष्करातला अधिकारी होता आणि उपांत्य फेरीत ४८.४ सेकंदांचा ऑलिम्पिक विक्रम करून आला होता.

त्या दिवशी ट्रॅकवर प्रत्येकाच्या वेगवेगळ्या मार्गिका आखलेल्या नव्हत्या. शेवटच्या सरळ टप्प्यात कार्पेंटर आणि रॉबिन्स पुढं होते. हॉल्सवेल बाहेरून पुढं जाऊ लागला तसा कार्पेंटर धावता धावता बाहेर सरकत गेला आणि त्याला पार कडेला रेटलं, असं ब्रिटिश पंचांचं म्हणणं पडलं. पंचांनी ओरडा केला, शेवटच्या रेषेवरची फीत तोडली आणि शर्यत रद्द केली. टेलर तेव्हा मागे होता. या ढकलाढकलीशी त्याचा काहीही संबंध नव्हता.

अमेरिकन आणि ब्रिटिश नियमांतला फरक हे या भांडणाचं मूळ. इंग्लंडच्या नियमात असं आडवं येणं हा सरळ गुन्हा होता. अमेरिकेत त्याकडे एवढ्या कडक नजरेनं पाहत नसत. शेवटी कार्पेंटरला बाद केलं आणि उरलेल्या तिघांनी २५ जुलैला पुन्हा धावावं, यावेळी दोऱ्या बांधून मार्गिका वेगळ्या करू, असा निर्णय झाला. अमेरिकेच्या गोटात संताप उसळला. रॉबिन्स आणि टेलर दोघंही पुन्हा धावायला उतरले नाहीत. हॉल्सवेल एकटाच ट्रॅकवर आला, एकटाच धावला आणि ५० सेकंदांत सुवर्णपदक घेऊन गेला. ऑलिम्पिकच्या धावण्याच्या इतिहासात एकट्यानं धावून सुवर्ण मिळाल्याचं हे एकमेव उदाहरण.

टेलरनं काय गमावलं याचा विचार करा. ज्या शर्यतीसाठी त्यानं सहा-सात वर्षं घाम गाळला, तिच्या अंतिम फेरीत त्याच्या हातून चूक झाली नाही, त्यानं कुणाला धक्का दिला नाही. तरी त्याच्या नावापुढं पदक लागलं नाही. दुसऱ्याच्या भांडणात त्याची संधी गेली.

या भांडणातून एक चांगलं निघालं. पुढच्या १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिम्पिकमध्ये ४०० मीटरची शर्यत आखलेल्या मार्गिकांमध्ये धावली गेली. त्याच वर्षी जगभरासाठी एकच नियमावली असावी म्हणून आंतरराष्ट्रीय अॅथलेटिक्स संघटना स्थापन झाली.

त्याच दिवशी सोनं

पण २५ जुलै हा दिवस टेलरसाठी रिकामा गेला नाही. हॉल्सवेल एकटा धावला त्याच दिवशी त्याच मैदानावर मिश्र अंतराच्या रिलेची अंतिम शर्यत होती. ऑलिम्पिकमधली रिले शर्यत पहिल्यांदा धावली गेली ती इथं. एकूण अंतर १६०० मीटर. पहिला गडी २०० मीटर, दुसराही २००, तिसरा ४०० आणि चौथा ८००. अशी रिले ऑलिम्पिकमध्ये पुन्हा कधी झाली नाही. पुढच्या खेपेपासून आजच्या ४ गुणिले १०० आणि ४ गुणिले ४०० या शर्यती आल्या.

अमेरिकेकडून विल्यम हॅमिल्टन आणि नेट कार्टमेल यांनी २०० मीटरचे दोन टप्पे धावायचे होते. कार्टमेल हा पेनसिल्व्हेनियाचाच, टेलरचा विद्यापीठातला सोबती. तिसरा टेलर आणि शेवटी मेल शेपर्ड. या शेपर्डला न्यूयॉर्क पोलिसांनी हृदय कमकुवत आहे म्हणून नोकरी नाकारली होती, असं सांगतात. त्याच माणसानं लंडनमध्ये ८०० आणि १५०० मीटर या दोन्ही शर्यती आधीच जिंकल्या होत्या.

आदल्या दिवशीच्या प्राथमिक फेरीत अमेरिकेनं यजमान ब्रिटनला मागं टाकलं होतं. अंतिम फेरीत समोर जर्मनी आणि हंगेरी होते. हॅमिल्टन आणि कार्टमेल यांनी आघाडी मिळवून दिली. टेलर सुटला आणि त्याच्या त्या लांब ढांगांनी ती आघाडी आणखी वाढली. त्याचा ४०० मीटरचा टप्पा पन्नास सेकंदांच्या आत संपला. शेपर्डनं उरलेलं काम निवांत पूर्ण केलं. अमेरिकेची वेळ ३ मिनिटं २९.४ सेकंद. जर्मनी ३ सेकंदांनी मागं राहिला आणि हंगेरीला त्यानं अगदी शेवटच्या पावलावर हरवलं.

अशा रीतीनं जॉन टेलर हा अमेरिकेचा पहिला कृष्णवर्णीय ऑलिम्पिक सुवर्णविजेता झाला. त्याच्या आधी १९०४ मध्ये जॉर्ज पोएजनं कांस्यपदकं मिळवली होती आणि १९०० मध्ये फ्रान्सच्या रग्बी संघातून हैतीच्या एका कृष्णवर्णीय खेळाडूनं सुवर्ण घेतलं होतं. पण ज्या देशात काळ्या माणसाला गुलाम म्हणून आणलं, त्या देशाच्या नावानं सुवर्ण मिळवणारा पहिला टेलरच.

मायदेशातला तो उन्हाळा

संघ अमेरिकेत परतला तेव्हा ऑगस्टच्या अखेरीस न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर मोठी मिरवणूक निघाली. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रुझवेल्ट यांनीही खेळाडूंना आपल्या घरी बोलावून त्यांचं कौतुक केलं.

पण त्याच महिन्यात, १४ ऑगस्टला, इलिनॉय राज्यातल्या स्प्रिंगफिल्ड शहरात गोऱ्यांच्या जमावानं काळ्यांच्या वस्तीवर हल्ला केला होता. घरं-दुकानं जाळली. दोन कृष्णवर्णीयांना जमावानं ठार मारलं, त्यातला एक ऐंशीच्या पुढचा म्हातारा. हे शहर कुठलं? गुलामगिरी संपवणाऱ्या अब्राहम लिंकनचं गाव. या दंगलीनं हादरलेल्या गोऱ्या-काळ्या लोकांनी मिळून पुढच्या वर्षी कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी राष्ट्रीय संघटना उभी केली. एका बाजूला विजयाची मिरवणूक आणि दुसऱ्या बाजूला जळती घरं, अशा देशात टेलर सुवर्णपदक घेऊन उतरला होता. आपलं नाव टाळ्यांमध्ये घेतलं जातं, पण आपली माणसं सुरक्षित नाहीत, ही भावना जगातल्या अनेक समाजांना ओळखीची आहे.

विषमज्वर

पदवी हातात होती, पदक घरात होतं. जनावरांचा डॉक्टर म्हणून आयुष्य सुरू व्हायचं होतं. पण त्या हिवाळ्याच्या तोंडावर जॉनला विषमज्वर झाला, म्हणजे आपण टायफॉइड म्हणतो तो. त्यातून न्यूमोनिया झाला. २ डिसेंबर १९०८ रोजी फिलाडेल्फियात त्याचं निधन झालं. छाती एवढी मजबूत, पाय एवढे वेगवान, पण दूषित पाण्यातून आणि अन्नातून येणाऱ्या एका जंतूपुढं काही चाललं नाही.

फिलाडेल्फियाचं पाणी तेव्हा नद्यांमधून यायचं आणि कित्येक वर्षं ते न गाळताच नळाला सुटायचं. टायफॉइडसाठी हे शहर बदनाम होतं. पाणी गाळण्याची केंद्रं त्याच सुमारास उभी राहत होती. ती सगळीकडे सुरू झाल्यावर मृत्यू झपाट्यानं कमी झाले. या रोगावर खात्रीचं औषध यायला आणखी चाळीस वर्षं लागली. आज आपल्या घरातल्या कुणाला टायफॉइड झाला तर डॉक्टर गोळ्या देतात, दोन आठवड्यांत माणूस उठून बसतो. जॉनच्या काळी ही सोय नव्हती.

त्याच्या अंत्ययात्रेला घोडागाड्यांची लांब रांग लागली. शहराजवळच्या कॉलिंगडेल इथल्या ईडन दफनभूमीत त्याला निरोप दिला. कृष्णवर्णीयांसाठी असलेली ही दफनभूमी. न्यूयॉर्कच्या मोठ्या वर्तमानपत्रांनी त्याच्या मृत्यूची बातमी छापली. लंडनच्या ऑलिम्पिकमधला उंच उडीचा विजेता हॅरी पोर्टर यानं जॉनच्या आई-वडिलांना पत्र लिहिलं. जॉन मोठा धावपटू होता, पण माणूस म्हणून तो त्याहून मोठा होता. साधा, मनमिळाऊ, कुणाशीही हसून बोलणारा असा तो सगळ्यांना आवडायचा, असा त्या पत्राचा आशय होता.

त्याच्या मृत्यूनंतर २४ दिवसांनी ऑस्ट्रेलियात जॅक जॉन्सन हा पहिला कृष्णवर्णीय हेवीवेट मुष्टियुद्ध विजेता झाला. जगाचं लक्ष तिकडं गेलं आणि टेलर हळूहळू विस्मरणात गेला. त्या शर्यतींमधल्या इतरांच्या वाट्यालाही लांब आयुष्य आलं नाही. एकटा धावलेला हॉल्सवेल १९१५ मध्ये फ्रान्समधल्या रणांगणावर गोळी लागून पडला. जर्मनीच्या रिले संघातला शेवटचा गडी हान्स ब्राउन १९१८ मध्ये त्याच महायुद्धात गेला.

आपल्यासाठी काय?

आपल्या घरांमध्ये अजून एक वाद ऐकू येतो. मुलगा किंवा मुलगी खेळात चांगली असली की लोक म्हणतात, अभ्यासाचं नुकसान होईल. नाहीतर उलटं, खेळात नाव होतंय तर शिक्षण कशाला. जॉन टेलरच्या घरात दोन्ही गोष्टी एकत्र चालल्या. ज्या आई-बापाचं लहानपण गुलामीत गेलं, त्यांनी मुलाला डॉक्टर होताना पाहिलं आणि ऑलिम्पिकचा विजेता होतानाही पाहिलं. त्यांचं दुःख एवढंच की हे सगळं एकाच वर्षात मिळालं आणि त्याच वर्षात मुलगाही गेला.

दुसरी गोष्ट. वैयक्तिक शर्यत त्याच्या हातून दुसऱ्यांच्या भांडणामुळं निसटली. पण तो रुसून बसला नाही. त्याच दिवशी तो तीन गोऱ्या साथीदारांसोबत रिलेसाठी मैदानात उभा राहिला आणि आपल्या वाटणीचे ४०० मीटर मन लावून धावला. आपल्या वाट्याला जेवढं अंतर आलं तेवढं इमानानं धावायचं आणि पुढच्याला आघाडी मिळवून द्यायची, एवढंच त्याच्या हातात होतं आणि त्यानं ते केलं.

त्यानं मिळवलेल्या आघाडीवरून पुढं ओवेन्स धावला, विल्मा रुडॉल्फ धावली, कार्ल लुईस धावला. पुढच्या वेळी घरात ऑलिम्पिक लागलं आणि रिलेचा संघ ट्रॅकवर आला की मुलांना या जॉन टेलरचंही नाव जरूर सांगा.